खणणार असाल तरच वाजवा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचे वाचताना तुम्हाला तसे वाटणार नाही.

कंपने मोजणे हा माझा व्यवसाय आहे. पूल, इमारती, यंत्रांचे पाये कशाने हादरतात आणि किती हादरतात, हे मी शोधतो. कोणी म्हणाले, "आमच्या घरात कोणी नसताना पावलं वाजतात," की मी आधी गच्चीवरचा पंप पाहतो.

आजवर पंपच सापडला आहे.

एकदा सोडून.

त्या एकदाचीच हकीकत इथे देतो आहे. त्यात माझ्या पदरचे काही नाही. रात्र नव्हती. वादळ नव्हते. दिवे गेले नव्हते. रविवारची दुपार होती, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होते, आणि मी आत्याच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन बसलो होतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केले नाही. माझी आई लवकर गेली, तेव्हा माझी शाळा, माझी आजारपणे, माझे हट्ट सगळे तिनेच निभावले. वय ऐंशीच्या पुढे, पण कान असे तीक्ष्ण की शेजारच्या घरात सुई पडली तरी विचारील, "काय पडलं?"

ती राहायची ती इमारत युद्धानंतर घाईघाईने बांधलेली. तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या. आता इमारत एका बाजूने खचत होती. नगरपालिकेने ती धोकादायक ठरवली होती आणि महिनाअखेर सर्वांनी बाहेर पडायचे होते. वरचे सगळे बिऱ्हाडकरू निघून गेले होते.

आत्या तेवढी उरली होती.

"आत्या, भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आहे," मी म्हणालो.

"माझा नाही जात. संधिवात आहे."

"चेष्टा नको. हे घर पडणार आहे. तू माझ्याकडे चल. खोली तयार आहे, तुझी सूनबाई वाट बघते आहे."

"सूनबाई वाट बघते आहे, हे जरा जास्त झालं हं."

मी हसलो. ती हसली नाही. तिचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच.

तिने मूठ वर केली.

आमच्या कुटुंबात ही मूठ प्रसिद्ध होती. आत्याकडे गेलो की दुपारी एकदा तरी ती बोलता बोलता मूठ वर करायची, आणि सगळ्यांनी गप्प बसायचे. मुलांना तो खेळ वाटे. मोठ्यांना तो आत्याचा विक्षिप्तपणा वाटे. थोड्या वेळाने मूठ खाली यायची आणि गप्पा पुढे सुरू.

त्या दिवशी मी गप्प बसलो. सवयीने.

रस्त्यावर कोणी नव्हते. वरचे मजले रिकामे. एवढी शांतता त्या घरात मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती.

आणि मग...

टक्.

टक्.

टक्.

ओट्याच्या कोपऱ्यात फरशीतून वर आलेला एक जुना लोखंडी पाइप होता. आवाज त्यातून आला होता.

"ऐकलंस?" आत्याने मूठ खाली घेतली.

"ऐकलं. पाण्याचा धक्का आहे. कुठेतरी नळ एकदम बंद झाला, की वेगात आलेलं पाणी थबकतं आणि पाइप वाजतो. साधी गोष्ट आहे."

"वा! मी भरलेल्या तुझ्या शाळेच्या फीचं चीज झालं," ती म्हणाली आणि कप विसळायला घेतला.

मी मात्र खूश झालो. तिला घर का सोडवत नाही, याचा धागा पहिल्यांदाच हाती लागला होता. हा आवाज पाण्याचा आहे हे तिच्यासमोर सिद्ध केले, की प्रश्न मिटला. आणि सिद्ध करायला माणूसही येणारच होता. शेगडी, गिझर, नळ सोडवायला मी एका प्लंबरला त्याच दुपारी बोलावून ठेवले होते.

तो आला. उंच, किडकिडीत, तोंडाचा पट्टा अखंड चालू. खांद्यावर अवजारांची पिशवी.

"माझ्या होकाराआधीच गाडी जोडलीस होय!" आत्या मला म्हणाली.

"आजी, मी काही न्यायला आलो नाही हं," प्लंबर म्हणाला. "मी फक्त नळाचा माणूस. माणसं हलवायला साहेब आहेत."

त्याला मी आवाजाचे सांगितले. त्याने मान डोलावली, बाहेर जाऊन इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, घरातले सगळे नळ उघडून पाइप रिकामे केले. शेवटचा नळ खाकरला, थेंब पडला, थांबला.

"आता ह्या घरात पाणी म्हणाल तर आजींच्या तांब्यात तेवढं."

आम्ही थांबलो.

काहीच आले नाही.

मी आत्याकडे पाहिले. सिद्ध झाले, असे म्हणायला तोंड उघडले...

टक्.

टक्.

टक्.

प्लंबरच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले. तो कोपऱ्यात उकिडवा बसला. पाइपवर हात ठेवला, बोटे खालीवर फिरवली. वरचे टोक तपासले.

"साहेब, हा आपल्या लाइनचा नाहीच."

"म्हणजे?"

"कशालाच जोडलेला नाही. वरून नुसता कापलेला आहे. ही इमारत बांधायच्या आधीचा आहे हा. हे असलं जाड लोखंड आमच्या आजोबांच्या काळचं. खालून वर आलाय आणि मुद्दाम ठेवलाय. का ठेवला?" त्याने मागे वळून विचारले. "आजी, कपडे वाळत घालायला?"

"मीच ठेवायला सांगितला," आत्या म्हणाली. "गवंड्याच्या पाया पडले होते."

मग ती खुर्चीवर बसली आणि तिने जे सांगितले ते मी जन्मात कधी ऐकले नव्हते. युद्धात ती बचाव पथकात होती एवढेच मला माहीत होते. माझी समजूत होती की ती तिथे मलमपट्टी करत असावी.

"आधी युद्ध रेडिओवर होतं," ती म्हणाली. "लांबलांबच्या गावांची नावं. नकाशात शोधायला मजा यायची. मग ते साखरेत आलं. साखर अर्धी झाली. मग खिडक्यांवर काळा कागद आला. मग गल्लीतली पोरं गेली, गाणी म्हणत. सगळ्यात शेवटी ते डोक्यावर आलं."

लहानपणी मी तिला विचारले होते, युद्ध का झाले. ती म्हणाली होती, "दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत उरकेल." माझ्या कपाटात आज या विषयावरची जाडजूड पुस्तके आहेत. सीमा, बाजारपेठा, जुने अपमान, एकमेकांना दिलेली वचने, नव्या तोफा. पण याहून नेमके कारण मला त्यांत सापडलेले नाही.

"माझे कान चांगले होते," आत्या पुढे म्हणाली. "म्हणून मला ऐकायचं काम दिलं. घर पडलं की पथकप्रमुख ढिगाऱ्यावर उभे राहायचे आणि मूठ वर करायचे. झालं! सगळं बंद. फावडी बंद, गाड्या बंद. रडणारी माणसंसुद्धा तोंडावर हात दाबून उभी राहायची. मग मी पाइपला कान लावायची. पाइप, तुळई, जे काही खाली गेलेलं असेल ते. खाली कोणी जिवंत असेल, तर ते ठोकायचं."

"मग तुम्ही उत्तर द्यायचात?" प्लंबरने विचारले. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"खुणा ठरलेल्या होत्या. दर आठवड्याला गल्लोगल्ली शिकवायचो, लहान मुलांनासुद्धा. दोन ठोके म्हणजे ऐकू आलं. तीन म्हणजे किती जण आहात. एकेक सावकाश ठोका म्हणजे धीर धरा, येतोय." ती थांबली. "आणि पथकाचा पहिला नियम. खणणार असाल तरच वाजवा."

"तो का?"

"खालच्याकडे हवा थोडी असते, बाबा. तो जपून जपून श्वास घेत असतो. आपण उत्तर दिलं की त्याला जोर येतो. तो ओरडतो, दगड ढकलतो. हवा संपते. उत्तर म्हणजे वचन. ते पाळता येणार नसेल, तर ऐकायचं आणि गप्प बसायचं. तसेही बसलोय आम्ही."

तिने पाइपकडे बोट केले.

"ह्याच्यावर मी दोन वाजवले होते. खालून दोन आले. आम्ही खणायला लागलो. आणि पुन्हा भोंगा झाला. इस्पितळावर बॉम्ब पडला होता, पथकाला तिकडे पळायचा हुकूम आला. मी उठेना. तेव्हा दोघांनी मला उचलून गाडीत टाकलं. परत आलो, तेव्हा गल्लीच नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हा पाइप तेवढा उभा होता."

"आणि युद्ध संपल्यावर?"

"संपल्यावर ढिगारे उचलायला माणसं कुठे होती? गाड्यांना तेल नव्हतं. लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं. रोलर फिरवला आणि वर घरं बांधली. अख्ख्या गल्लीवर."

"खाली कोण होतं, आत्या?"

"मला काय माहीत! नाव विचारायची खूण नव्हती."

"आणि तू इथेच राहायला आलीस."

"मग काय करणार? त्याला वाटलं असतं, गेले सगळे."

इतकी वर्षे ती दररोज ऐकत होती. आणि इतक्या वर्षांत तिने एकदाही, बोटाच्या नखानेसुद्धा, तो पाइप वाजवला नव्हता. खणणार कोण होते?

"आता तुम्ही मला इथून नेणार," ती उठत म्हणाली. "न्या. पण मी मेल्यावर न्या. तोवर ऐकायला कोणीतरी पाहिजे." आणि ती आतल्या खोलीत जाऊन पडली.

मला तिची अतिशय दया आली. पण दया हे स्पष्टीकरण नव्हे. जमिनीत रोवलेला लांब लोखंडी पाइप दूरवरची कंपने सहज वाहून आणतो. कुठेतरी कारखाना असेल, पंप असेल. ठराविक वेळी चालू होणारे यंत्र असेल. आत्याच्या अपराधी मनाने त्यातून माणूस घडवला होता.

हे तपासायचा एक सोपा मार्ग होता. यंत्र उत्तर देत नाही.

मी प्लंबरचा पान्हा उचलला.

"साहेब, नका," तो म्हणाला.

"अरे, हा प्रयोग आहे. मी एक विचित्र ठेका वाजवतो. आपोआप येणारच नाही, असा. तोच परत आला नाही, म्हणजे खाली यंत्र आहे. आत्याला सांगता येईल."

"आणि आला तर?"

"येणार नाही."

"तुमचं बरोबरच असेल. पण मी जरा दाराशी उभा राहतो."

मी पाइपवर वाजवले. एक ठोका. मध्ये अंतर. मग तीन जलद. मग पुन्हा अंतर, आणि एक.

आम्ही वाट पाहिली. खिडकीत एक माशी फिरत होती. तिचा आवाजही मोठा वाटत होता.

काही नाही.

"बघ," मी म्हणालो.

आणि तेवढ्यात...

टक्.

टक्-टक्-टक्.

टक्.

माझा ठेका. माझीच अंतरे.

प्रतिध्वनी, मी स्वतःला म्हणालो. पण प्रतिध्वनी एवढा वेळ थांबत नाही. लोखंडात ध्वनी किती वेगाने जातो, हे मला झोपेतही सांगता येते. एवढ्या वेळात तो ठोका शहर ओलांडून परत आला असता.

मग खालून आणखी दोन आले. स्पष्ट, सावकाश.

ऐकू आलं.

आणि मग, आम्ही दोघे बघत असताना...

टक्. टक्. टक्.

प्लंबरने माझ्याकडे पाहिले. त्याचे ओठ पांढरे झाले होते.

"साहेब... तीन म्हणजे..."

"माहीत आहे."

"ते आपल्याला विचारतायत. किती जण आहात."

मागे चाहूल लागली. आत्या दारात उभी होती. केस सुटलेले, पायांत चप्पल नाही. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, माझ्या हातातल्या पान्ह्यावर होती.

"उत्तर दिलंस?"

मी पान्हा पाठीमागे नेला.

"शहाण्या," ती अगदी हळू म्हणाली, "काय करून बसलास?"

तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत पाइप वाजायला लागला. आता ते ठोके नव्हते. तो वर्षाव होता. कोणीतरी हाताला लागेल त्याने, जिवाच्या आकांताने, न थांबता बडवत होते. कोपऱ्यातल्या फरशा थरथरत होत्या. फळीवरचा तांब्या सरकत सरकत कडेला आला आणि पडला.

"खणा," आत्या म्हणाली.

"आत्या, आपण आधी..."

"आता तू वचन दिलंयस. खणा!"

मी खणायला तयार झालो ते भीतीने, हे खरे. पण एक हिशेबही होता. खाली माती असणार, विटा असणार. ते तिला दाखवले की ती आपणहून निघेल, असे मला अजूनही वाटत होते. प्लंबर जाऊ शकला असता. त्याने दाराकडे एकदा पाहिलेही. मग पिशवीतून घण आणि पहार काढली.

"आजी सांगतायत म्हणून हं," तो म्हणाला. "तुमच्या शास्त्रासाठी नाही."

फरशी फुटली. खाली काँक्रीटचा पातळ थर, त्याखाली विटांचे तुकडे, जळक्या लाकडाचे कोळसे, काचा. आम्ही आळीपाळीने उपसत होतो. आत्या खुर्ची ओढून खड्ड्याच्या कडेला बसली होती आणि पान्ह्याने पाइपवर एकेक ठोका देत होती. सावकाश. धीर धरा, येतोय.

आणि खालचा वर्षाव मंदावत गेला.

हे मला सर्वांत भयंकर वाटले. दमलेल्या माणसाचा श्वास आवाक्यात यावा, तसा तो मंदावत गेला. आम्ही जसजसे खाली जात होतो, तसतसे ठोके हलके होत गेले. शेवटी एक. मग बऱ्याच वेळाने एक.

मग पहार हातातून सुटल्यासारखी खाली गेली.

पोकळी होती.

आश्चर्य नव्हते. भराव खचतो तेव्हा अशा पोकळ्या राहतात. इमारत खचण्याचे तेच कारण होते. मी हे मनात म्हणत असतानाच त्या भोकातून हवा वर आली.

ती कोमट होती. बंद खोलीत खूप वेळ माणूस झोपलेला असावा, तशी.

प्लंबरने टॉर्च धरली. मी पालथा पडून आत पाहिले. एका तुळईखाली, माणूस गुडघे पोटाशी घेऊन जेमतेम मावेल, एवढी जागा होती. कोणी नव्हते. हाडे नव्हती, कापडाची चिंधी नव्हती, काही नव्हते. फक्त पाइपचे खालचे टोक.

बाकीचा पाइप गंजाने फुगलेला होता. पण त्या टोकाजवळ, हाताच्या उंचीवर, एक जागा चकचकीत होती. घासून, ठोकून, आरशासारखी झालेली. दमट जागेत उघडे लोखंड दोन-तीन दिवसांत तांबूस पडते. तिथे गंजाचा ठिपकाही नव्हता.

"कोणी नाही," मी वर येऊन म्हणालो. "आत्या, खरंच कोणी नाही. तू ये, बघ. आता झालं. आपण पोचलो."

तिने खाली वाकून पाहिले. तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि मला वाटले, सुटलो. आता ही निघेल.

पण ती सरळ झाली आणि तिने मूठ वर केली.

आम्ही स्तब्ध झालो. घण हातातच राहिला. बाहेर उन्हे कलली होती. संधिप्रकाशात खोलीचा रंग राखेसारखा झाला होता.

काही नाही...

काही नाही...

टक्.

पाइपमधून नव्हे. डावीकडून. शेजारच्या भिंतीच्या खालून.

टक्-टक्.

मागून. जिन्याखालून.

मग उजवीकडून. मग समोरून, रस्त्याच्या बाजूने. मग पलीकडच्या घराखालून, त्याच्याही पलीकडून. जड, हलके, घाईचे, दमलेले. प्रत्येकाचा हात वेगळा. मी पन्नास यंत्रे एकाच वेळी चालताना ऐकली आहेत. यंत्रांत एक लय सापडते. यात लय नव्हती. यात गर्दी होती.

अख्खी गल्ली वाजत होती.

"बातमी पोचली," आत्या म्हणाली.

"कसली बातमी?"

"कोणीतरी खणतंय, ही."

भिंतीतली भेग कुरकुरली. वरून मातीचा भुगा ओट्यावर पडला. छताच्या कोपऱ्यात एक नवी रेघ उमटली आणि आमच्या डोळ्यांदेखत दारापर्यंत आली.

"साहेब, आता भूत असो नसो, छत आहे!" प्लंबर ओरडला. "निघा!"

"आत्या, चल."

"नाही."

"घर पडतंय!"

"त्यांच्यावर पडलं होतं, तेव्हा ते कुठे गेले?"

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. फक्त माझ्याकडे पाहिले. माझ्या तापात रात्र रात्र उशाशी बसताना जसे पाहायची, तसे.

"बाळा, मला दुसऱ्यांदा उचलून नेऊ नकोस रे."

छतातून गिलाव्याचा मोठा तुकडा सुटला आणि ती बसली होती त्या खुर्चीशेजारी फुटला.

"मग त्यांना सांग," मी म्हणालो. "आपण खणायचं थांबवतोय असं सांग. थांबायची जी खूण असेल ती वाजव, आणि चल."

तिने पान्हा उचलला. पाइपवर धरला. हात तसाच अधांतरी राहिला.

"खूणच नाही," ती म्हणाली. "आम्ही जातोय, याची खूण कधी ठरवलीच नाही. कोण ठरवणार होतं?"

मी तिला उचलले. ती अगदी हलकी होती. तिने आरडाओरडा केला नाही, हातपाय झाडले नाहीत. प्लंबरने दार धरून ठेवले होते. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा मागे काहीतरी प्रचंड आवाजाने खाली बसले आणि दारातून धुळीचा लोट आला.

धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यावर शांतता होती. माझ्या तळपायांना मात्र ती जाणवत नव्हती. बुटांतूनही जमीन बारीक बारीक थरथरत होती.

आत्या माझ्याकडे हिवाळा संपेपर्यंत होती. तिने मला दोष दिला नाही. नीट जेवायची, सूनबाईला टोमणे मारायची. मूठ मात्र तिने पुन्हा कधी वर केली नाही. उलट सकाळी उठल्या उठल्या ती रेडिओ लावायची, तो झोपेपर्यंत चालू. आवाज मोठा. कोणी कमी केला तर तिचा चेहरा असा व्हायचा की आम्ही तो पुन्हा वाढवायचो. माझ्या घरातल्या सगळ्या पाइपलाइन प्लास्टिकच्या आहेत. तरी ती कधी भिंतीला टेकून बसली नाही.

ती गेली तेव्हाही रेडिओ चालू होता. कुठल्यातरी लांबच्या सीमेवर सैन्य जमल्याची बातमी होती. ऐकून ती म्हणाली होती, "आता म्हणतील, महिन्या-दोन महिन्यांत उरकेल."

इमारत पाडली गेली. खड्ड्यात काँक्रीट ओतून वर वाहनतळ केला. प्लंबर मला मध्यंतरी एकदा भेटला. जाताना एवढेच म्हणाला, "जुनं लोखंड असेल तिथलं काम मी घेत नाही आता. पोटापुरतं मिळतं." तोंडाचा पट्टा त्याने आवरता घेतला होता.

मी त्या दिवसाची स्पष्टीकरणे शोधली. पोकळ भराव, तापमानातला फरक, खणण्याने बिघडलेला तोल, घाबरलेले कान. त्यांतली तीन मी व्याख्यानात देऊ शकेन. लोखंडाची ती चकचकीत जागा मात्र त्यांपैकी एकातही बसत नाही.

आणि एवढ्यावर हे संपले असते, तर मी ते लिहिलेही नसते.

गेल्या महिन्यात त्या गल्लीचे काम आमच्याकडे आले. संपूर्ण गल्लीवर नवे संकुल उभे राहणार आहे. त्याआधी जमिनीची कंपने मोजायची आहेत. नेहमीचे काम. त्यासाठीच्या संवेदकाला खाली टोकदार खुंटी असते. ती जमिनीत घट्ट रोवावी लागते, नाहीतर नोंद खोटी येते. हातोडीचे चार-पाच ठोके पुरतात.

मी गेलो होतो. भर दुपारी. पहिला संवेदक टेकवला, हातोडी उचलली. नेमक्या त्याच क्षणी रस्त्यावरची वाहतूक कुठेतरी अडली आणि सगळे शांत झाले.

इतके शांत, की वाटले, कोणीतरी मूठ वर केली आहे.

मी हातोडी पिशवीत ठेवली आणि परत आलो. कार्यालयात पाठदुखी सांगितली.

काम दुसऱ्या कंपनीला गेले. ते परवा सुरू करतील. रस्त्याच्या दोन्ही कडांनी, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खुंट्या ठोकत जातील. त्यांची प्रमुख माझ्या ओळखीची आहे. माझ्याच हाताखाली शिकलेली आहे, हुशार आहे, आणि भुताखेतांवर तिचाही विश्वास नाही.

तिचा नंबर समोर आहे. दोन दिवस मी फोन हातात घेतो आणि ठेवतो. तिला काय सांगायचे ते मला माहीत आहे. ती कारण विचारील. मीच तिला कारण विचारायला शिकवले आहे.